देवमाशाच्या टेकडीवरील देवालय



पॅसिफिक महासागराच्या मधोमध, कोणत्याही खंडाच्या किनाऱ्यापासून दोन हजार मैलांहून अधिक दूर, हवाई नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचें नांवही हवाई असेंच आहे. या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर कावाइहाए नांवाचें बंदर आहे. बंदराच्या दक्षिणेस, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका उजाड टेकडीवर, काळसर दगडांचा एक प्रचंड चौथरा दिसतो. त्याची लांबी सुमारें २२४ फूट व रुंदी सुमारें १०० फूट आहे. तीन बाजूंच्या भिंती सोळा ते वीस फूट उंच असून समुद्राकडील बाजू मोकळी आहे व त्या बाजूस लांबट पायऱ्यांसारखे टप्पे केलेले आहेत. या सर्व रचनेंत चुना नाहीं, माती नाहीं. आपल्या कोंकणांतील गडग्याप्रमाणें दगडावर दगड बसवून हें काम उभें केलेलें आहे. या टेकडीला तेथील भाषेंत पुउकोहोला, म्हणजे देवमाशाची टेकडी, असें म्हणतात. त्या स्थळाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

हवाई लोकांच्या देवस्थानांना 'हेइआउ' अशी संज्ञा आहे. हेइआउ अनेक प्रकारचे असत. कांहीं पिकांच्या भरभराटीसाठीं, कांहीं मासेमारीच्या यशासाठीं, कांहीं रोगनिवारणासाठीं बांधलेले असत. या सर्वांत श्रेष्ठ व भयंकर मानलेला प्रकार म्हणजे 'लुआकिनी'. असें देवालय बांधण्याचा अधिकार फक्त थोर राजालाच असे, कारण तेथें युद्धदेवतेला नरबळी अर्पण केला जाई. चौथऱ्यावर लांकडी देवमूर्ती, गवतानें शाकारलेलीं घरें, नगारे ठेवण्याची जागा, नैवेद्याचा माचा, आणि झाडाच्या सालीच्या पांढऱ्या वस्त्रानें आच्छादलेला एक उंच मनोरा असे. त्या मनोऱ्यांत पुरोहित देवाचा कौल घेई. आज पुउकोहोलावर यांपैकीं कांहींही शिल्लक नाहीं. लांकूड गेलें, गवत गेलें. दगड तेवढे राहिले.

या धर्माचा पाया 'कापू' हा होता. कापू म्हणजे निषेध. आपल्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेवरून त्याचें स्वरूप थोडेंफार ध्यानांत येईल. परंतु तेथें निषेध मोडणाऱ्यास प्रायश्चित्त नसे, देहदंड असे. स्त्रीपुरुषांनीं एकत्र बसून जेवूं नये, स्त्रियांनीं डुकराचें मांस, नारळ व केळीं खाऊं नयेत, राजाची सावली कोणी तुडवूं नये, असे शेंकडों निर्बंध असत. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण या देवालयाचा उदय जसा कापूच्या बळावर झाला, तसाच त्याचा अस्तही कापूच्या भंगानेंच झाला.

आतां मूळ कथेकडे वळूं. इ. स. १७८२ मध्यें हवाई बेटाचा वृद्ध राजा कालानिओपुउ मरण पावला. त्यानें आपल्या मागें राज्य आपला पुत्र किवालाओ यास दिलें. परंतु कूकाइलिमोकु या युद्धदेवतेची मूर्ती व तिची सेवा पुतण्या कामेहामेहा याच्या स्वाधीन केली. राज्य एकाकडे व युद्धदेव दुसऱ्याकडे, अशी ही वांटणी होती. तींतून कलह निघणार हें उघड होतें व तो त्याच वर्षीं निघाला. मोकुओहाईच्या लढाईंत किवालाओ मारला गेला. तथापि त्यामुळें बेट कामेहामेहाच्या हातीं आलें नाहीं. किवालाओचा सावत्र भाऊ केओउआ हा दक्षिणेकडील काऊ प्रांतांत स्वतंत्र होऊन बसला. हा केओउआ कामेहामेहाचा चुलतभाऊ. पुढील नऊ वर्षें या दोन भावांत युद्ध चालू राहिलें व दोघांपैकीं कोणालाही निर्णायक जय मिळेना.

इ. स. १७९० हें वर्ष विशेष घडामोडींचें गेलें. कामेहामेहाच्या हातीं 'फेअर अमेरिकन' नांवाचें एक लहान परदेशी जहाज, त्यावरील तोफा, आणि जॉन यंग व आयझॅक डेव्हिस असे दोन गोरे खलाशी आले. या तोफांच्या बळावर त्यानें माउई बेटावर स्वारी करून तेथील सैन्याचा इआओच्या दरींत संहार केला. पण तो तिकडे गुंतला असतां केओउआनें त्याच्या मुलखांत शिरून गांवें व शेतें उध्वस्त केलीं. कामेहामेहा परतला, लढाया झाल्या, आणि केओउआ आपल्या प्रांताकडे माघारी निघाला. वाटेंत किलाउएआ ज्वालामुखीच्या कडेनें त्याचें सैन्य तीन तुकड्या करून चाललें असतां पर्वताचा स्फोट झाला. पुढची तुकडी वांचली; मागची तुकडी पुढें सरकली तों मधल्या तुकडीचीं बायकामुलांसह प्रेतें पडलेलीं दिसलीं. ज्वालामुखीची देवता पेले हिनें आपला कौल कामेहामेहाच्या बाजूनें दिला, असा अर्थ लोकांनीं या घटनेचा केला.

तरीही युद्ध संपेना. तेव्हां कामेहामेहानें शस्त्रांकडून देवाकडे तोंड वळविलें. कापोउकाही नांवाचा एक प्रसिद्ध दैवज्ञ त्या वेळीं ओआहू बेटावर राहत असे. तो मूळचा काउआई बेटाचा. कामेहामेहानें नात्यांतील एका वडीलधाऱ्या स्त्रीस त्याच्याकडे पाठविलें. दैवज्ञानें सांगितलें कीं, कावाइहाए येथील पुउकोहोला टेकडीवर युद्धदेवासाठीं मोठें देवालय बांधावें. तें पूर्ण झालें म्हणजे अंगावर ओरखडाही न उठतां सर्व बेटें कामेहामेहाच्या सत्तेखालीं येतील. पुढें हाच कापोउकाही स्वतः येऊन बांधकामाची आंखणी व देखरेख करूं लागला. देवालयांच्या जागा निवडणें व त्यांची रचना ठरविणें ही त्या लोकांत एक स्वतंत्र विद्याच होती आणि कापोउकाही तींत निष्णात होता.

काम सुरू झालें. हजारों माणसें टेकडीभोंवतीं तळ देऊन राहिलीं. पाण्यानें झिजून गुळगुळीत झालेले दगड उत्तरेकडील पोलोलू दरींतून आणले, असें परंपरा सांगते. हें अंतर सुमारें वीस-पंचवीस मैल आहे. त्या काळीं हवाई बेटावर ना बैल, ना घोडा, ना गाडी. म्हणून माणसांची एक अखंड रांग उभी करून एका हातांतून दुसऱ्या हातांत असे दगड पुढें दिले गेले. राजा व सरदार हेही या कामांतून सुटले नाहींत. खुद्द कामेहामेहानें दगड वाहिले. एकट्या एका पुरुषास मात्र ही मनाई होती. तो कामेहामेहाचा धाकटा भाऊ केलीइमाइकाई. सर्व लोक अंगमेहनतींत गुंतले असतां कोणीतरी एकानें सोवळें राखून देवाची सेवा करावी लागे, व ती त्याच्याकडे होती. भावाला श्रम करतांना पाहून त्यानें एकदां एक दगड उचलला. तेव्हां तो दगड नावेंत घालून जमीन दिसेनाशी होईपर्यंत समुद्रांत नेला व बुडविला, अशी कथा आहे. या केलीइमाइकाईचें नांव आपण लक्षांत ठेवूं; पुढें त्याची गरज पडणार आहे.

काम अर्धवट असतांनाच माउई व काउआई येथील राजांनीं एकत्र होऊन आरमारासह स्वारी केली. कामेहामेहाला हातचा दगड टाकून नावांवर चढावें लागलें. इ. स. १७९१ मधील या समुद्रयुद्धांत दोन्ही पक्षांनीं तोफा वापरल्या. यंग व डेव्हिस यांनीं कामेहामेहाच्या तोफा चालविल्या व शत्रू परतला. हवाई लोक या लढाईला 'लाल तोंडाच्या तोफेची लढाई' असें म्हणतात. त्यानंतर तो पुनः टेकडीवर आला, आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत देवालय पूर्ण झालें.

आतां उरली प्राणप्रतिष्ठा, आणि तिच्यासाठीं हवा होता बळी. कामेहामेहानें केआवेआहेउलु व कामानावा हे आपले दोन विश्वासू सरदार केओउआकडे पाठविले. दोघां भावांनीं समोरासमोर भेटून वैर मिटवावें, असा त्यांचा निरोप होता. केओउआच्या एका सल्लागारानें या दूतांनाच ठार करावें असें सुचविलें. केओउआनें तें मानलें नाहीं. तो निघाला. वाटेंत कीहोलोजवळील लुआहिनेवाई या तळ्यावर त्यानें स्नान केलें आणि स्वतःच्या हातानें आपल्या देहावर जखम करून घेतली. ही मरणाची तयारी होती असें जाणते सांगतात; कांहींच्या मतें, देवाला अर्पण होणारा देह सव्यंग करून त्यानें शत्रूच्या यज्ञांत उणेपण ठेवलें. मग त्यानें सोबत्यांची वांटणी केली. ज्यांनीं आपल्याबरोबर मरावयाचें त्यांना त्यानें आपल्या नावेंत घेतलें. आपला सावत्र भाऊ काओलेइओकु यास मात्र दुसऱ्या नावेंत बसविलें. हा काओलेइओकु कामेहामेहाचा पुत्र मानला जाई.

नावा कावाइहाएच्या किनाऱ्याशीं आल्या. समोर टेकडीवर नवें देवालय, किनाऱ्यावर भालेकऱ्यांच्या रांगा, आणि त्यांच्या पुढें स्वतः कामेहामेहा. दोघां भावांत एकदोन शब्दांची बोलाचाली झाली न झाली, तोंच केएआउमोकु नांवाच्या सरदारानें केओउआवर शस्त्र चालविलें. नऊ वर्षांपूर्वीं मोकुओहाईच्या रणांगणावर किवालाओचा अंत करणारा तो हाच केएआउमोकु. केओउआच्या नावेंतील जवळजवळ सर्वजण मारले गेले. दुसऱ्या नावेवर शस्त्र उचललें जाणार, तों कामेहामेहानें तें थांबविलें, व त्याचा पुत्र वांचला. केओउआचा देह टेकडीवर नेऊन कूकाइलिमोकु देवास अर्पण करण्यांत आला.

येथें क्षणभर थांबणें अवश्य आहे. हा वध कामेहामेहाच्या आज्ञेनें झाला, कीं सरदारानें आपल्या बुद्धीनें केला? आणि पुढें काय वाढून ठेवलें आहे हें उमगत असतां केओउआ आला तरी कां? या प्रश्नांवर गेलीं दोनशें वर्षें वाद आहे. त्या काळीं हवाई लोकांना लिपी नव्हती; घटना वंशावळींतून, स्तोत्रांतून व वृद्धांच्या मुखांतून चालत आल्या. पुढें डेव्हिड मालो, जॉन पापा ई व सॅम्युएल कामाकाउ या हवाई विद्वानांनीं त्या लिहून काढल्या. कामाकाउ इ. स. १८१५ सालीं जन्मला, म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनीं. त्याला सांगणारे साक्षीदार कामेहामेहाच्या विजयानंतरच्या राज्यांत वाढलेले होते. विजेत्याच्या अंगणांत बसून सांगितलेल्या गोष्टींतही केओउआची थोरवी लपली नाहीं, हेंच मला या परंपरेचें सर्वांत मोठें प्रामाण्य वाटतें. पळून जाण्यास वाट असतां न पळालेला, दूतांवर हात न टाकणारा आणि आपल्यामागें एका जिवाची सोय लावून मृत्यूला सामोरा जाणारा पुरुष त्यांतून आपल्यापुढें उभा राहतो. अंतहीन युद्धानें उजाड झालेल्या प्रजेसाठीं त्यानें आपला देह दिला, असेंही कित्येक मानतात. मनांतील हेतूचा लेख इतिहासाजवळ नसतो. कृतीचा असतो, आणि ती कृती भ्याडाची नव्हे.

भविष्य खरें ठरलें. केओउआ गेल्यावर हवाई बेट एका हाताखालीं आलें. इ. स. १७९५ मध्यें नुउआनूच्या लढाईनंतर ओआहू जिंकलें गेलें, आणि इ. स. १८१० मध्यें काउआईचा राजा काउमुआलिई यानें लढाईवांचून मांडलिकत्व पत्करलें. 'एकही ओरखडा न उठतां' हें वचन मात्र फक्त राजाच्या देहापुरतें खरें होतें; रणांगणावर पडलेल्या हजारोंना तें लागू नव्हतें. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलीं बेटाबेटांमधील युद्धें थांबलीं, आणि परदेशी जहाजें दरवर्षीं येऊं लागलेल्या त्या काळांत हवाई लोकांना एक राज्य व एक राजा मिळाला. जॉन यंग हा याच टेकडीशेजारीं घर बांधून राजाचा सल्लागार म्हणून राहिला. त्याची नात एम्मा पुढें चौथ्या कामेहामेहाची राणी झाली.

आतां या कथेचा दुसरा अर्धा भाग. ८ मे १८१९ रोजीं कामेहामेहा कैलुआ येथें निवर्तला. त्यानें आपल्या चुलत्याप्रमाणेंच वांटणी केली होती. राज्य मिळालें पुत्र लिहोलिहो यास, आणि युद्धदेवाची मूर्ती आली पुतण्या केकुआओकालानी याच्याकडे. राजाच्या मृत्यूनें ती भूमी अशुद्ध झाली असें मानून वारस लिहोलिहो कांहीं काळ कावाइहाए येथें येऊन राहिला. ऑगस्ट महिन्यांत फ्रेसिने हा फ्रेंच दर्यावर्दी त्याला तेथेंच भेटला. टेकडीवर देवालय होतें, खालीं तरुण राजा होता, व त्याच्या मनांत द्वंद्व चालू होतें. कामेहामेहाची प्रिय राणी काआहुमानू आणि लिहोलिहोची जन्मदात्री केओपुओलानी या दोघींनीं जुने निषेध मोडण्याचा निश्चय केला होता. नोव्हेंबर १८१९ मध्यें कैलुआ येथें मेजवानी भरली, आणि राजा उठून स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसला व जेवला. देवानें कांहीं शिक्षा केली नाहीं. निषेध मोडला, हें एका क्षणांत सर्वांस कळून चुकलें. मुख्य पुरोहित हेवाहेवा यानें स्वतः मूर्तींना आग लावण्यांत पुढाकार घेतला, आणि सर्व बेटांवर देवालयें मोडण्याची आज्ञा सुटली. पुउकोहोलावरील पूजाही तेव्हांच थांबली.

येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांचें पहिलें जहाज हवाई बेटाशीं आलें तें मार्च १८२० मध्यें, म्हणजे या घटनेनंतर चार महिन्यांनीं. तेव्हां जुना धर्म परक्यांनीं मोडला नाहीं. तो ज्या घराण्यानें शिखरावर नेला, त्याच घराण्यानें खालीं ठेवला. दगडाला दगड लावून उभारलेलें तें दैवत अवघ्या अठ्ठावीस वर्षांत आपल्याच यजमानांच्या हातून पदच्युत झालें.

परंतु एकजण आडवा उभा राहिला. युद्धदेवाचा नवा रक्षक केकुआओकालानी यानें जुन्या धर्माच्या बाजूनें शस्त्र उपसलें. १७८२ मध्यें कामेहामेहा ज्या जागीं उभा होता, त्याच जागीं आतां हा उभा होता : राज्य चुलतभावाकडे, देव आपल्याकडे. डिसेंबर १८१९ मध्यें कुआमोओच्या लढाईंत बंदुकांपुढें तो पडला, आणि त्याची पत्नी मानोनो त्याच्या शेजारीं लढत मेली. हा केकुआओकालानी कोणाचा पुत्र? देवालय बांधतांना ज्याला एकही दगड उचलूं दिला नाहीं, ज्यानें सर्वांच्या वतीनें सोवळें राखलें, त्या केलीइमाइकाईचा. पित्यानें निषेध पाळला म्हणून देवालय उभें राहिलें. पुत्रानें निषेधासाठीं प्राण दिला, पण तो निषेध वांचला नाहीं. एका देवालयाची आद्यंत कथा अशी एका घराण्याच्या दोन पिढ्यांत सामावली आहे.

त्यानंतरचा काळ थोडक्यांत सांगतों. इ. स. १८९३ मध्यें हवाईची राजसत्ता उलथून टाकण्यांत आली; १८९८ मध्यें हीं बेटें अमेरिकेनें आपल्या राज्यास जोडलीं व १९५९ मध्यें तें अमेरिकेचें एक घटक राज्य झालें. ज्या स्वतंत्र राज्याच्या उभारणीसाठीं केओउआचा बळी गेला, तें राज्यही उरलें नाहीं. टेकडीवरचे दगड तेवढे उरले. इ. स. १९७२ मध्यें हें स्थळ राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित झालें. टेकडीच्या उतारावर माइलेकिनी हें अधिक जुनें देवालय आहे, व पायथ्याच्या समुद्रांत हाले ओ कापुनी हें शार्कांना वाहिलेलें देवालय बुडालेलें आहे. येणाऱ्या प्रवाशांना मुख्य चौथऱ्यावर पाऊल ठेवूं दिलें जात नाहीं. त्यांनीं तो खालूनच पाहावा लागतो.

परंतु खरी महत्त्वाची घटना घडली ती ऑगस्ट १९९१ मध्यें. देवालयास दोनशें वर्षें पूर्ण झालीं, त्या निमित्तानें कामेहामेहाचे व केओउआचे अशा दोन्ही घराण्यांचे वंशज त्या टेकडीच्या पायथ्याशीं एकत्र आले आणि त्यांनीं समेटाचा विधी केला. त्या विधीला 'होओकुइकाही' असें नांव आहे. त्याचा अर्थ एक करणें, जुळविणें. तेव्हांपासून तेथें ऑगस्टमध्यें समारंभ होत आला आहे. दोनशें वर्षें म्हणजे सात-आठ पिढ्या. एवढ्या काळांत राज्य गेलें, देव गेला, भाषाही नष्ट होतां होतां वांचली; पण एका भावानें दुसऱ्याचा बळी घेतल्याची जखम उघडीच राहिली होती. ज्या किनाऱ्यावर ती झाली तेथेंच ती भरून यावी असें वंशजांना वाटलें, यांत मानवी स्वभावाची एक फार खोल जाणीव आहे.

१५ ऑक्टोबर २००६ रोजीं हवाई बेटावर ६.७ प्रतीचा भूकंप झाला. त्याचा मध्य कीहोलोच्या परिसरांतच होता. ज्या भागांत केओउआनें अखेरचें स्नान केलें, तेथूनच हा धक्का उठला व पुउकोहोलाच्या भिंती ठिकठिकाणीं ढांसळल्या. पुढें त्या पुनः रचण्यांत आल्या. सिमेंट न लावतां, जुन्याच पद्धतीनें, दगडाचें तोंड पाहून दगड बसविणाऱ्या कारागिरांच्या हातांनीं. ती विद्या मेली नव्हती, म्हणून भिंत दुरुस्त होऊं शकली.

क्रमिक पुस्तकांत असा सारा वृत्तान्त बहुधा एका ओळींत संपतो : कामेहामेहानें हवाई बेटें एका राज्यांत आणलीं. हें वाक्य खोटें नाहीं. पण पुउकोहोलाच्या चौथऱ्यापुढें उभें राहिल्यास तें अपुरें वाटतें. कोणी या स्थळाकडे पाहून 'रानटी लोकांची वधभूमी' असें म्हणेल, कोणी 'राष्ट्रीय ऐक्याचें जन्मस्थान' असें म्हणेल. दोघेही अर्धेंच पाहतात. ऐक्य येथेंच जन्मलें आणि वधही येथेंच झाला. एकाचा दगड काढला तर दुसऱ्याची भिंत उभी राहत नाहीं. हवाई लोकांनीं त्यांतील कोणतीही गोष्ट झांकली नाहीं. जिंकणाऱ्याचें नांव घेतांना त्यांनीं मरणाऱ्याचेंही नांव घेतलें, व दोन्ही नांवें एकाच ठिकाणीं, एकाच विधींत उच्चारण्याचें धैर्य दाखविलें. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचा पराक्रम व आपल्या पूर्वजांचें पाप हीं दोन्ही एकाच आवाजांत सांगतां येतात, त्याच्या इतिहासाला चुन्याची गरज लागत नाहीं. तो आपल्या भारानेंच टिकून राहतो.